लोपीस सरांची आधाररेषा

लोपीस सर अंतराच्या बाबतीत कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नसत. स्टेशन किती लांब, असं कुणी विचारलं आणि दुसऱ्यानं "असेल दोन-अडीच मैल" असं सांगितलं, की सर त्या दुसऱ्याकडे खोटी साक्ष देणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं पाहत. "मोजलंस?" एवढंच विचारत. बहुतेकांनी मोजलेलं नसे. एकदा गावातल्या एका मयताच्या वेळी दफनभूमीकडे जाताना शवपेटीला खांदा देणारा दमून म्हणाला की आता आलंच जवळ. मागून सरांनी, प्रार्थनेत खंड पडू नये अशा आवाजात, उरलेलं अंतर मीटरमध्ये सांगितलं. खांदा बदलला गेला.

त्यांच्याकडे सर्वेक्षणाची लोखंडी साखळी होती. लांब तारेच्या कड्या एकमेकींत अडकवलेल्या, दोन्ही टोकांना पितळी मूठ. ही साखळी गोणपाटात गुंडाळून ते सायकलच्या कॅरिअरवर बांधत आणि खाचखळग्यांतून निघाले की ती वाजत राही. आमच्या नंदाखाल गावातल्या कुत्र्यांना तो आवाज पाठ होता. इतर सायकलींवर ती भुंकत. या सायकलीला बाजूला होऊन वाट देत. मुलं त्यांना साखळी सर म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि नाव वस्तुस्थितीला धरून असल्यामुळे त्यांची हरकत नव्हती.

त्यांचं पूर्ण नाव बस्त्याव लोपीस. मी त्यांचा शेजारी. मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. आमच्या दोन अंगणांमध्ये जास्वंदीचं कुंपण होतं. सर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, अविवाहित, स्वतःचं जेवण स्वतः करणारे. अंगावर बुशशर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर गवती टोपी. मला ते नावानं हाक मारत नसत. कुंपणापलीकडून "पत्रकार" अशी हाक आली, की त्यांना रद्दी हवी आहे असं मी समजत असे.

रद्दी वर्गासाठी लागे. अकरावी-बारावीची नवी रचना आली तेव्हा आमच्या पट्ट्यातल्या एका शाळेला जोडून हे वर्ग निघाले आणि भूगोल सरांकडे आला. विषय आला, पण त्याच्यासोबत साहित्य आलं नाही. एक पृथ्वीगोल होता, तोही आसातून निखळलेला. हातानं फिरवला तर ऋतू कुठल्याही क्रमानं येत. सरांनी वरिष्ठांकडे तक्रार केली नाही. त्यांनी गावाकडे साहित्याचं गोदाम म्हणून पाहायला सुरुवात केली.

माझ्या कचेरीतली रद्दी भिजवून, कुटून तिचा लगदा होई आणि लगद्याचे डोंगर होत. वाळवी लागू नये म्हणून त्यात मेथीची पूड घालावी लागते. मेथी विद्यार्थ्यांनी घरून आणायची. डिसेंबरात बाळंतिणीच्या लाडवांना मेथी शोधणाऱ्या आयांना ती सह्याद्रीत गेल्याचं कळे. भूगोलाच्या खोलीला कायम ओल्या मेथीचा वास असे आणि त्या वर्गातून आलेली मुलं इतिहासाच्या तासाला वासावरून ओळखू येत.

सपाट नकाशा खोटा का असतो, हे शिकवायला सर पपनस आणत. सालीवर खंड काढत, मग साल अखंड सोलून बाकावर दाबून सपाट करायला सांगत. साल फाटे. "फाटली ना? कागदावर पण फाटते. छापणारे शिवून देतात, म्हणून दिसत नाही," असं म्हणून ते गर वाटून टाकत. नदीचं खोरं केळीच्या पानावर दाखवत. आमच्याकडे केळीच्या पानाला तोटा नव्हता.

पर्जन्यमापकांची हकिगत जरा वेगळी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाडीत एक पर्जन्यमापक हवा, असं सरांनी ठरवलं. त्यासाठी काचेच्या सारख्या आकाराच्या बाटल्या लागतात. सुतळी रॉकेलमध्ये बुडवायची, बाटलीच्या गळ्याला वेढायची, पेटवायची आणि बाटली पाण्यात बुडवायची. मान अलगद तुटते. तीच उलटी ठेवली की नरसाळं. सारख्या आकाराच्या बाटल्या गावात एकाच ठिकाणी मिळत, लग्नाच्या मांडवामागे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर गोणी घेऊन तिथे हजर असत. दारूच्या थेंबाला कधी न शिवलेला माणूस, पण गोणी वाजे तेव्हा ऐकणाऱ्याला तसं वाटत नसे.

अखेर एका रविवारी मिस्सा झाल्यावर फादरांनी त्यांना सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीमागच्या खोलीत, बोलावलं. हा संवाद मी ऐकलेला नाही. फादरांनीच पुढे अनेकदा सांगितला. तुम्ही गोणी भरून बाटल्या नेता असं ऐकतो, असं ते म्हणाले. सर म्हणाले, "हो फादर. अजून लागतील." फादरांनी धीर करून विचारलं की सोबत कोण असतं. सर म्हणाले, "अकरावीचा वर्ग." फादर खुर्चीत बसले. नंतर खुलासा झाला. त्या पावसाळ्यात एक बाटली चर्चच्या मागच्या अंगणात बसली आणि फादर रोज सकाळी तिचं माप घेऊ लागले. पाऊस मोठा झाला की रविवारच्या सूचनांमध्ये ते आकडा सांगत.

पण एक गोष्ट सरांना कुठूनही उभी करता येत नव्हती. आमच्या भागाचा मोठ्या प्रमाणावरचा सरकारी नकाशा. किनारपट्टीच्या नकाशांवर त्या काळी बंधन होतं. शाळा-कॉलेजांना ते मिळत नसत. प्रात्यक्षिकासाठी जो नकाशा यायचा तो मध्य प्रदेशातल्या कुठल्यातरी डोंगराळ तालुक्याचा. आमची मुलं वर्षभर त्याच्यावर बोटं फिरवत. तिथला डाकबंगला, देवळाचं चिन्ह, सुकलेले नाले, एक निळं तळं त्यांना झोपेत सांगता येई. आपल्या घरामागचं बावखल, म्हणजे वाडीतलं पाणी साठवायचं तळं, कुठल्या बाजूनं भरतं, ते मात्र सांगता येत नसे.

विल्सन नावाचा त्यांचा एक विद्यार्थी पुढे बँकेत लागला आणि योगायोगानं त्याच तालुक्यात बदलून गेला. सुटीत आल्यावर तो सरांना भेटायला आला. मी अंगणात होतो. तो सांगत होता की गाडीतून उतरलो आणि कुणाला न विचारता डाकबंगल्यापर्यंत चालत गेलो, वाटेत देऊळ जिथे असायला हवं तिथेच होतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली.

"तळ्यात पाणी होतं?"

"होतं, सर."

सर घरात गेले आणि त्याच्यासाठी वेलची केळ्यांची फणी घेऊन आले. एकूण वीसेक वर्षं ते त्या तळ्याबद्दल शिकवत राहिले आणि आयुष्यात एकदाही तिथे गेले नाहीत.

आपला नकाशा मिळत नसेल तर आपण तो करायचा, हा निर्णय त्यांनी पहिल्याच वर्षी घेतला होता. साखळी त्यासाठीच आली. "आधी पायानं, मग पेननं," असं ते वर्गाला सांगत. भातकापणी झाली, हवा कोरडी झाली, की नाताळच्या सुटीआधी एका सकाळी अकरावीचा वर्ग रांगेनं बाहेर पडे. लाल-पांढरे पट्टे रंगवलेल्या काठ्या, साखळी, आणि फळीवर कागद लावून आकडे लिहिणारा एक जण. सर्वेक्षणाला आधी एक सरळ रेषा मोजून घ्यावी लागते. तिच्यावर बाकीचा सगळा नकाशा उभा राहतो. तिला आधाररेषा म्हणतात. सरांची आधाररेषा शाळेच्या फाटकापासून निघे आणि समुद्राकडे जाणाऱ्या गल्लीनं राऊतांच्या वाडीच्या फाटकापर्यंत जाई.

आता आधाररेषा एकदा मोजली की झालं. सर ती दर वर्षी मोजत. तीच गल्ली, तीच दोन फाटकं. गावात याच्यावर बरेच तर्क होते. एक तर्क असा की सरांना पहिलं माप विसरायला होतं. दुसरा असा की सरकार त्यांना दर वर्षीचे वेगळे पैसे देतं. मी स्वतः विचारलं तेव्हा त्यांनी शास्त्रीय कारण दिलं. साखळी वापरून वाढते. कड्या ओढल्या जातात, उन्हानं ताणतात. म्हणून दर वर्षी माप थोडं वेगळं येतं आणि तो फरकच विद्यार्थ्यांना दाखवायचा असतो. कारण खरं होतं. मी ते मान्य केलं.

एका वर्षी मात्र या रेषेनं गल्लीत खळबळ उडवली. सांतानकाकांच्या कुंपणालगत रांगेनं उभ्या केलेल्या पट्टेवाल्या काठ्या लोकांनी पाहिल्या. त्या सुमारास शहर पसरणार, रस्ते रुंद होणार, जमिनी जाणार, अशी रोज एक बातमी असे. सांतानकाका केळीचे बागायतदार. विचार करण्यात वेळ न घालवणारे. त्यांनी दोन दिवसांत आपलं कुंपण हातभर रस्त्यात सरकवलं. जाणारच असेल जमीन, तर भरपाई जास्तीच्या जमिनीची मिळावी, हा हिशेब. समोरच्याला ते दिसलं, त्यानंही सरकवलं. आठवड्याभरात गल्लीतून बैलगाडी जाईना.

सरांच्या सांगण्यावरून मी आमच्या दैनिकात चार ओळींचा खुलासा छापला. हे विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण आहे, रस्तारुंदीकरणाशी त्याचा संबंध नाही. सांतानकाकांनी तो वाचला आणि मला अडवून म्हणाले, "पेपरात नाही म्हणून आलं म्हणजे ठरलंच की रे." दुसऱ्या दिवशी आणखी दोन कुंपणं पुढे आली. सर यानं जराही खजील झाले नाहीत. त्यांनी वर्गाला पुन्हा तिथे नेलं, अरुंद झालेल्या गल्लीची मापं घ्यायला लावली आणि मानवी भूगोलाचं प्रकरण तिथेच उभ्या उभ्या संपवलं. कुंपणं मागे घ्यायला लावायला शेवटी पंचायतीला यावं लागलं.

राऊतांच्या फाटकाशी काय होई, हे मला विद्यार्थ्यांकडून कळे. पुढे सुटीच्या दिवशी एकदोनदा मी स्वतःही गेलो. तिथे मालती राऊत उभ्या असत. तांब्याची कळशी, पेले, आणि केळीच्या सोपटात, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीत, बांधलेली सुकेळी, वाळवलेली केळी, वर्गाला पुरतील एवढी. मुलं खाण्यावर तुटून पडत. मालतीबाई फाटकाच्या आत आणि सर बाहेर, असे दोघं उभे राहत. मालतीबाई विचारत, "या वर्षी रस्ता वाढला की कमी झाला, सर?" सर कागद पाहून फरक सांगत. त्या मान हलवत. सर पाणी पिऊन पेला परत देत. मग सर टोपी घालत आणि वर्ग परत फिरे.

दोघं एकाच वर्षी शाळेत लागले होते. त्या खालच्या वर्गांना मराठी शिकवत. सरांचं अक्षर इतकं वाईट होतं की फळ्यावरचं अरबी समुद्र हे नाव मुलं तर्कानं वाचत; म्हणून पहिल्या नकाशावरची गावांची, वाड्यांची, बावखलांची नावं मालतीबाईंनी लिहून दिली. शाळा सुटल्यावर भूगोलाच्या खोलीत दोघं काम करत, दार उघडं ठेवून. मग मालतीबाईंच्या आईला पक्षाघात झाला. भाऊ मुंबईला, वहिन्या तिकडे. मालतीबाईंनी राजीनामा दिला. आई हाक मारील तेवढ्याच अंतरात त्यांचं पुढचं आयुष्य गेलं, आणि फाटक त्या अंतराच्या टोकाला होतं.

तो नकाशा मी पाहिला आहे. मालतीबाईंनी नोकरी सोडल्यानंतर त्याच्यावर एकही नवं नाव नाही. पुढच्या वर्षांत मोजलेल्या विहिरी, क्रूस, चिंचा सरांनी आकड्यांनी दाखवल्या आहेत.

त्या दोघांत काय होतं, याची माहिती माझ्याकडे नाही. सर लोपीस, बाई राऊत; त्या काळात गावानं जे गृहीत धरलं होतं ते दोघांनीही धरलं असावं. गावात कुजबुजसुद्धा झाली नाही, कारण कुजबुजायला काही नव्हतं. वर्षातून एकदा, वर्गासमोर, एक पेला पाणी. पण ती वर्षातली एक सकाळ भूगोल या विषयावर उभी होती. विषय आहे म्हणून वर्ग, वर्ग आहे म्हणून आधाररेषा, आणि आधाररेषा आहे म्हणून त्या फाटकाशी जाता येत होतं. कारणाशिवाय जाऊन तिथे उभं राहणं सरांना शक्य नव्हतं. आमच्या गावांत ते कुणालाच शक्य नसतं.

म्हणून विद्यार्थी कमी होऊ लागले तेव्हा सर जेवढे अस्वस्थ झाले, तेवढे केवळ नोकरीसाठी झाले असते असं मला वाटत नाही. नोकरी जाणार नव्हती. वाणिज्य शाखेला गर्दी होती. बँक, विमा, आखात, सगळीकडे तीच लागत होती. ठरलेल्या संख्येपेक्षा कमी मुलं आली तर भूगोल बंद होईल आणि सरांनी नागरिकशास्त्र घ्यावं, असं प्राचार्यांनी सांगितलं. नियम वरून आलेला होता. सरांनी तो दोनदा वाचला आणि मे महिन्यात सायकल काढली.

दहावी झालेल्या मुलांच्या घरी ते जात. सोबत पपनस किंवा लगद्याचा एखादा डोंगर. एका घरी मुलाचे वडील दुबईहून सुटीवर आलेले. ते म्हणाले, भूगोल कशाला, पोराला मी दुबईलाच नेणार आहे आणि दुबईला विमानवाला नेतो, त्याला रस्ता ठाऊक असतो. सरांनी विचारलं, विमानवाल्याला कुणी शिकवला? ते म्हणाले, त्याच्या सायबानं. सरांनी डोंगर उचलला आणि पुढच्या घरी गेले.

जवळच्या पापडी गावात एका घरी ते मला सोबत घेऊन गेले. पेपरवाला बरोबर असला की वजन पडतं, असा त्यांचा समज होता. तिथे मुलगी हुशार होती आणि तिला भूगोल घ्यायचा होता. तिच्या बापाला ते मान्य नव्हतं.

"भूगोल शिकून माझी पोरगी काय करणार, सर?"

"वाट चुकणार नाही."

"घराबाहेर पडतेच कुठं ती, वाट चुकायला?"

सरांनी हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. "पडेल," एवढंच म्हणाले. मुलीनं भूगोल घेतला. त्या वर्षी संख्या जेमतेम भरली.

पुढच्या वर्षी भरली नाही. जूनच्या शेवटी यादी लागली तेव्हा भूगोलाखाली चार नावं होती. त्या चौघांना दुसरे विषय देण्यात आले. सरांनी नागरिकशास्त्राचं पुस्तक घरी आणलं आणि त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. भूगोलाच्या खोलीत टंकलेखन यंत्रं आली. डोंगर व्हरांड्यातल्या कपाटांवर चढवून ठेवले गेले. नकाशा गुंडाळून सरांनी घरी नेला. त्या पावसाळ्यात कुंपणापलीकडून मला एकदाही हाक आली नाही. माझ्याकडे रद्दी साठत गेली.

त्याच पावसाळ्यात राऊतांच्या घरी म्हातारी वारली. मातीला गाव गेलं, सरही गेले. बायकांत बसलेल्या मालतीबाईंशी त्यांचं बोलणं झालं नाही. होण्यासारखं नव्हतं.

भातकापणी झाली. हवा कोरडी पडली. एका संध्याकाळी कुंपणापलीकडून "पत्रकार" अशी हाक आली. मी रद्दीचा गठ्ठा उचलला. सरांनी तो नको म्हणून हात केला आणि उद्या सकाळी मोकळा आहेस का, असं विचारलं. माझी दुपारची पाळी होती. मी हो म्हटलं.

"साखळीला दोन माणसं लागतात," सर म्हणाले.

सकाळी आम्ही शाळेच्या फाटकाशी उभे राहिलो. शाळा भरलेली होती. सरांनी रजा काढली होती. पुढची मूठ माझ्याकडे, मागची त्यांच्याकडे, आणि कागद लावलेली फळी त्यांच्या काखेत. मी साखळी ओढत पुढे जायचं, ते मागून डोळा लावून हातानं खुणा करायचे, मी रेषेवर आलो की जमिनीत खुणेची लोखंडी सुई रोवायची. काम सोपं आहे, पण पुढच्या माणसाला मागे पाहून चालावं लागतं. मी दोनदा गटारात पाय घातला. आकडा लिहायला ते थांबत तेव्हा साखळी सैल पडे आणि पुन्हा ताणावी लागे. वर्गाला तासाभरात होणारं काम दुप्पट चाललं.

सांतानकाका कुंपणाशी दातवण चावत उभे होते. "काय सर," ते म्हणाले, "या वर्षीची पोरं फारच म्हातारी आली." मग गल्लीत दोन्हीकडे पाहून त्यांना काय ते कळलं असावं. त्यांनी रस्त्यात आलेली केळीची दोन सोपटं उचलून बाजूला केली.

राऊतांच्या फाटकाशी शेवटची सुई रोवून मी कंबर सरळ केली आणि फाटकालगतच्या दगडी गडग्याकडे पाहिलं. गडग्यावर पेले मांडलेले होते. एका वर्गाला पुरतील एवढे, धुऊन पालथे घातलेले. शेजारी कळशी, आणि परडीत सोपटाच्या पुड्या. विषय बंद झाल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सुतकाच्या घरात अकरावीच्या विषयांबद्दल कोण बोलणार?

मालतीबाई फाटक उघडून उभ्या होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. त्यांनी आमच्या मागच्या गल्लीत पाहिलं, टोकापर्यंत.

"मुलं मागे राहिली का, सर?"

"मुलं नाहीत, बाई. विषय बंद झाला. जूनमध्येच."

त्यांनी पालथ्या पेल्यांकडे पाहिलं. एक सुलटा केला, पाणी भरलं, सरांना दिला. दुसरा मला. सर प्यायले. आकडा विचारला गेला नाही आणि सांगितला गेला नाही. मग मालतीबाईंनी विचारलं, "मग तुम्ही कशाला आलात?"

प्रश्नात राग नव्हता. त्यांना माहिती हवी होती.  सरांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"मोजायला," ते म्हणाले.

"ते तर इथं संपलं."

"हो."

माझ्या बसची वेळ झाली होती. मी तसं सांगितलं आणि पितळी मूठ गडग्यावर, पेल्यांच्या शेजारी ठेवली. सर साखळी गुंडाळायला वाकले. एक-एक कडी दुमडत ते माझ्या बाजूला येऊ लागले, तेव्हा मालतीबाई म्हणाल्या, "पुढचं मोजलेलं आहे?"

पुढे गल्ली तशीच जाते. एक बावखल आहे, मग सुरूची झाडं, मग वाळू.

"नाही," सर म्हणाले. "कधीच नाही."

मालतीबाईंनी एकदा घराकडे वळून पाहिलं. सवयीनं पाहिलं असावं. आतून हाक येणार नव्हती. मग पदराला हात पुसले, गडग्यावरची मूठ उचलली आणि फाटकाबाहेर आल्या. ही कशी धरायची, असं त्यांनी विचारलं. सरांनी स्वतःच्या हातातली मूठ दाखवून सांगितलं. जवळ गेले नाहीत. दुमडलेल्या कड्या त्यांनी पुन्हा जमिनीवर सोडल्या. मग फळी आणि तिच्यावरचा कागद त्यांनी गडग्यावर ठेवला, कारण साखळी नीट ताणायला दोन्ही हात लागतात.

मी कोपऱ्यावर पोहोचलो तेव्हा बस दिसत होती. वळून पाहिलं. मालतीबाई पुढे, मागे पाहत चालत होत्या. सर मागून हातानं उजवीकडे, अजून थोडं, अशी खूण करत होते, आणि त्या तेवढ्याच सरकत होत्या. बावखलाच्या वळणावर आधी त्या दिसेनाशा झाल्या; मग साखळी काही वेळ रस्त्यावरून सरकताना दिसली; मग सर.

गडग्यावर फळी तशीच होती. साखळीला दोन माणसं लागतात आणि आकडे लिहायला तिसरा लागतो. त्या दिवशी तिसरा नव्हता. राऊतांच्या फाटकापासून समुद्रापर्यंत किती अंतर भरलं, याची नोंद कुठेही नाही.